शेजारच्या प्लॉटवर टॉवर येतोय, आपल्या जुन्या बिल्डिंगचं काय होणार?

आमच्या वाडीला लागून असलेली दोन मजली चाळ पाडली, चारी बाजूंनी पत्रे लागले, आणि त्या दिवसापासून गिरगावातल्या आमच्या या छोट्या वाडीत दुसरा विषयच नाही. एवढ्या मोठ्या टॉवरच्या बाजूला आपली नव्वद वर्षांची बिल्डिंग टिकेल का? कुणी म्हणतं टॉवरच्या वजनाने दबेल, कुणी म्हणतं दगड फोडायच्या ब्रेकरच्या हादऱ्यांनी पडेल, कुणी म्हणतं काही होत नाही हो, सगळ्या मुंबईत हेच चाललंय. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत धावायला लागली, गिरगाव आणि काळबादेवीला स्टेशनं आली, त्यामुळे इथला प्रत्येक तुकडा आता सोन्याचा झालाय. दादर, लालबाग, ठाण्याचा नौपाडा, पुण्यातल्या पेठा, सगळीकडे जुन्याच्या कुशीत नवं उभं राहतंय, म्हणजे हा प्रश्न काही आमच्या एकट्याचा नाही.

मी इंजिनियर नाही. पण गेली दीड वर्षं मागच्या गॅलरीतून हे काम रोज बघतेय, अगदी पाडकामापासून, आणि जे कळलं नाही ते साइटवरच्या लोकांना आणि ओळखीतल्या दोन स्ट्रक्चरल इंजिनियरांना पुन्हा पुन्हा विचारलंय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली ती आधीच सांगते, कारण बहुतेकांना ती उशिरा कळते: आपल्या बिल्डिंगसाठी खरे काळजीचे महिने टॉवर दिसायला लागायच्या आधीचे असतात. सगळे मान वर करून मजले मोजत असतात, तोपर्यंत जे व्हायचं ते खाली खड्ड्यात होऊन गेलेलं असतं.

जुनी बिल्डिंग नेमकी कशावर उभी असते

आजची बिल्डिंग म्हणजे कॉलम, बीम, स्लॅब, सगळं सळ्या आणि काँक्रीटने एकमेकांत बांधलेलं, आणि मधल्या भिंती फक्त आडोशाला. जुन्या चाळीचं तसं नसतं. तिथे जाडजूड भिंतीच सगळं वजन पेलतात, भिंतीत सागवानी तुळया खुपसलेल्या, त्यावर फळ्या आणि कोबा, आणि विटा जोडलेल्या चुन्याने. या भिंती जमिनीत फार खोल जात नाहीत, खाली दगडी पायऱ्यापायऱ्यांचा पाया असतो, आमच्याकडे तो जेमतेम पाच-सहा फूट निघाला. त्या काळी तेवढं पुरायचं, कारण आजूबाजूला कुणी खोल खणतच नव्हतं.

मुंबई शहर भागात अशा बिल्डिंगी थोड्याथोडक्या नाहीत. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा झाला तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या, आपण ज्यांना सेस बिल्डिंग म्हणतो, त्यांची संख्या १९,६४२ होती. त्यातल्या १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या त्या 'अ' वर्गातल्या, आणि गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीत याच जास्त.

आता यातली चांगली बाजूही ऐका. चुन्याचं बांधकाम सिमेंटपेक्षा सोशिक असतं, जमीन हळूहळू थोडीशी हलली तर चुना थोडं देतो-घेतो आणि भिंत सावरते. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि सळ्यांनी बांधलेलं नसल्यामुळे एक कोपरा जास्त खाली गेला की बाकीची बिल्डिंग त्याला धरून ठेवू शकत नाही.

सगळी बिल्डिंग एकसारखी खाली गेली तर फारसं बिघडत नाही

हे ऐकून मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. पण घरातलं लोखंडी कपाट आठवा. चारी पाय एकाच पातळीवर असले की दार मऊसूत लागतं, मग कपाट कोब्यावर ठेवा नाहीतर फरशीवर. एका पायाखालची पट्टी सरकली की लगेच दार अडकतं, कुलूप लागत नाही, आणि चूक मात्र दारात नसते. बिल्डिंगचंही तसंच आहे. पूर्ण बिल्डिंग समान खचली तर नळाच्या आणि ड्रेनेजच्या जोडण्या दुखतात, पण भिंती बहुतेक शाबूत राहतात. खरा त्रास कमीजास्त खचण्यात आहे, खड्ड्याकडची भिंत खाली आणि रस्त्याकडची जागच्या जागी.

किती फरक चालतो याचा इंजिनियर लोकांचा एक जुना हिशोब आहे. पाच मीटर लांबीच्या भिंतीच्या दोन टोकांत १० मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर भेगा पडू नयेत असं धरतात. १७ मिलिमीटरच्या आसपास भेगा दिसायला लागतात, आणि ३३ मिलिमीटरला म्हणजे जवळपास सव्वा इंचाला मूळ ढाच्यालाच इजा व्हायची शक्यता असते. पाच मीटर म्हणजे चाळीतली पुढची-मागची मिळून एक खोली. म्हणजे आपलं घर आणि इजा यांच्यात दोन बोटांचंही अंतर नाही. आणि आपली बिल्डिंग आधीच्या नव्वद वर्षांत थोडी हललेली असतेच, त्यामुळे एवढंही सगळं आपल्या वाट्याला उरलेलं नसतं.

मग एवढा खोल खड्डा कशासाठी

एक म्हणजे पाया चांगल्या दगडावर टेकवायला आणि दुसरं म्हणजे गाड्या. शहरातला प्लॉट चिमुकला, फ्लॅट मोठे, प्रत्येकाला पार्किंग हवं, मग काही गाड्या वर पोडियममध्ये आणि बाकीच्या खाली बेसमेंटमध्ये. बेसमेंटची एकेक पातळी साधारण साडेतीन-चार मीटर, तीन पातळ्या म्हटल्या की दहा-बारा मीटर, म्हणजे आमच्या तीन मजली चाळीएवढा खड्डा, तोही आमच्या पायापासून काही फुटांवर.

मुंबईची जमीन वरवर बघून कळत नाही. कुठे जुना भराव, कुठे शंखशिंपल्यांची वाळू, कुठे खाडीचा काळा गाळ, त्याखाली मुरूम, आणि मग काळा पाषाण. मूळची सात बेटं आणि मधली भरून काढलेली खाडी, त्यामुळे दोन गल्ल्यांच्या अंतरात सगळं बदलतं. म्हणून आधी बोअर मारून मातीचे आणि दगडाचे नमुने काढतात, त्याला सॉइल टेस्ट म्हणतात, आणि पत्र्यांच्या आड चाललेल्या सगळ्या कामांत मला विचाराल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. मऊ मातीत खणलं तर खड्ड्याच्या खोलीच्या दुप्पट अंतरापर्यंत जमीन हलू शकते. चांगला पाषाण वर असेल तर हे अंतर एकदम कमी होतं.

खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून खणायच्या आधीच प्लॉटच्या कडेने जमिनीत काँक्रीटचे खांब एकाला एक लावून ओततात, याला शोअर पायलिंग म्हणतात. वरून एक आडवा बीम टाकून सगळे खांब बांधतात, आणि जसजसं खाली खणत जातात तसतसे लोखंडी आडवे टेकू देतात नाहीतर बाजूच्या जमिनीत तिरपे अँकर मारतात. अँकर म्हणजे भोक पाडून आत घातलेले पोलादी तारांचे जुडगे, दगडात सिमेंटच्या घोळाने पकडवून मागे ताणलेले. आता हे अँकर बाजूच्या जमिनीत म्हणजे कुणाच्या? बहुतेक वेळा आपल्याच बिल्डिंगच्या खाली. ते आपल्या हद्दीत येणार असतील तर जमिनीच्या मालकाची परवानगी लागते, आणि भाडेकरूंना ते कळायला हवं. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, ड्रिलिंगचा आवाज पायाखालून यायला लागला तेव्हा आम्ही विचारलं.

खणलेल्या मातीचा ढीग कुठे टाकतात तेही बघा. २००९ च्या जूनमध्ये शांघायमध्ये नवीकोरी तेरा मजली इमारत अख्खीच्या अख्खी आडवी झाली होती. तिच्या एका बाजूला गॅरेजसाठी खड्डा खणत होते आणि दुसऱ्या बाजूला मातीचा मोठा डोंगर रचला होता. एका बाजूने ढकलणारं वजन, दुसऱ्या बाजूचा आधार गेलेला, खालचे पाईल, म्हणजे पायाचे खांब, मोडले. माती रोजच्या रोज डंपरने जात असेल तर रस्त्यावर चिखल होतो, वैताग येतो, पण आपल्या भिंतीला टेकून साठवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

दही टांगलं की चक्का होतो

या सगळ्यात ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते म्हणजे पाणी. समुद्र जवळ, त्यामुळे गिरगावात थोडं खणलं की पाणी लागतं. खड्ड्यात पाणी असताना काम होत नाही, मग दिवसरात्र पंप लावून ते उपसतात, याला डिवॉटरिंग म्हणतात. त्या निळ्या-काळ्या पाइपातून गटारात पडणारी धार आपण रोज बघतो आणि सोडून देतो. पण ते पाणी एकट्या त्यांच्या खड्ड्यातलं नसतं, आजूबाजूच्या सगळ्या जमिनीतलं असतं, आपल्या पायाखालचं सुद्धा.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतो तेव्हा काय होतं? पाणी निथळतं आणि गोळा आक्रसतो, सकाळी निम्म्यावर आलेला असतो. वरून कुणी दाबलेलं नसतं, फक्त आतलं पाणी गेलेलं असतं. खाडीचा गाळ, मऊ माती अगदी अशीच वागते. मातीच्या कणांमधलं पाणी वरचं थोडं वजन उचलून धरत असतं, ते गेलं की सगळा भार कणांवर येतो, कण जवळ सरकतात, आणि जमीन खाली बसते. वाळूचा प्रकार वेगळा, ती एवढी आक्रसत नाही, पण पंपाच्या ओढीबरोबर वाळू आणि बारीक मातीच वाहून गेली तर खाली पोकळी होते. म्हणून पंपातून पडणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे बघायला शिका. एका बादलीत धरा, तासभर ठेवा, तळाशी गाळ बसला तर लगेच साइटवर सांगा आणि फोटो काढून ठेवा.

पाण्याबरोबर माती गेली तर किती वाईट होऊ शकतं हे जर्मनीत कलोनला दिसलं. ३ मार्च २००९ ला तिथलं शहराचं जुन्या कागदपत्रांचं संग्रहालय काही मिनिटांत कोसळलं. समोर मेट्रोचा खोल खड्डा चालू होता, त्याच्या जमिनीखालच्या भिंतीत एका जागी दोष राहून गेला होता, तिथून पाणी आणि वाळू आत घुसली आणि संग्रहालयाच्या पायाखालची जमीनच निघून गेली. आतले लोक वेळेत बाहेर पडले, पण शेजारच्या घरांतल्या दोघांचा जीव गेला. भिंत चांगली जाड होती, खर्चही भरपूर केला होता. एका भोकाने घात केला.

आमच्या वाडीत एक विहीर आहे. पिण्याला कुणी वापरत नाही, झाडांना आणि जिने धुवायला तिचं पाणी. तळमजल्यावरच्या काकांनी तिच्या दोरीला हात-हात अंतरावर गाठी मारल्यात, खूप वर्षांपूर्वी, कारण उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं ते त्यांना बघायचं असायचं. एरवी हिवाळ्यात बादली सहाव्या गाठीला पाण्याला लागायची. शेजारी पंप सुरू झाले आणि तीन आठवड्यांत ती अकराव्या गाठीला लागायला लागली. इंजिनियर लोक जमिनीत नळी घालून पाण्याची पातळी मोजतात, तिला पिझोमीटर म्हणतात, त्याचे पैसे पडतात आणि आकडे बिल्डरच्या फाइलीत जातात. आमच्याकडे ती दोरी होती. भिंतीवर एकही नवी भेग नव्हती तेव्हा विहिरीने आम्हाला सांगितलं की खाली काहीतरी चाललंय. तुमच्या वाडीत विहीर असेल तर आजच मोजायला लागा, शेजारी काही सुरू व्हायच्या आधीचा आकडा हाताशी असला तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो.

"ब्रेकर चालू झाला की भांडी वाजतात, घर पडेल का?"

पोकलेनला लावलेला ब्रेकर दगडावर बसतो तेव्हा फडताळातल्या वाट्या थरथरतात, छातीत धडधडतं, मला ठाऊक आहे. पण माणसाचं शरीर हादऱ्यांच्या बाबतीत फार हळवं असतं. हादरा मोजतात तो जमीन सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलते यावर. अर्ध्या मिलिमीटरच्या आतच आपल्याला जाणवायला लागतं, आणि जर्मनीच्या एका मानकात, जे जगभर वापरलं जातं, संथ हादऱ्यांसाठी साध्या राहत्या घराची मर्यादा ५ आणि जुन्या नाजूक वास्तूंची ३ धरलेली आहे. म्हणजे जाणवणं आणि इजा होणं यात बरंच अंतर आहे.

तरी जुन्या चाळीने स्वतःला साध्या घरात धरू नये, ३ चीच मर्यादा मागावी. त्यासाठी हादरे मोजायचं यंत्र आपल्या बिल्डिंगच्या तळाशी लावायला सांगायचं, आणि आकडे जास्त येत असतील तर ब्रेकरऐवजी दगड हिऱ्याच्या तारेने कापता येतो किंवा भोकं पाडून फुगणारी पावडर भरून फोडता येतो. हळू होतं, महाग पडतं, पण होतं. सैल झालेलं प्लास्टर, छज्जाचे लोंबणारे तुकडे, हलणारी कौलं मात्र ब्रेकर सुरू व्हायच्या आधीच उतरवून घ्या, कारण हादऱ्यांनी पहिलं पडतं ते हेच, आणि खाली पोरं खेळत असतात.

"टॉवरच्या वजनाने आपली बिल्डिंग दबेल ना?"

टॉवरचा पाया पाषाणावर टेकला असेल तर त्याचं वजन सरळ पाषाणात जातं, आपल्या पायाखालच्या मातीला त्याची फारशी खबरही लागत नाही. मुंबईत बऱ्याच ठिकाणी पाषाण हाताशी आहे हे आपलं नशीब. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शहराच्या मधोमध मिलेनियम टॉवर नावाचा ५८ मजली महागड्या फ्लॅटांचा टॉवर २००९ साली पुरा झाला, त्याचे पाईल खालच्या पाषाणापर्यंत नेले नव्हते, वरच्या वाळूच्या थरातच थांबवले होते. २०१६ मध्ये बाहेर आलं की टॉवर १६ इंच खचलाय आणि एका बाजूला कललाय. शेवटी दोन बाजूंनी १८ नवीन पाईल पार पाषाणापर्यंत घालून २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. म्हणून बिल्डरला विचारायचा प्रश्न 'किती मजले' हा नाही, 'पाया कशावर टेकतोय आणि सॉइल रिपोर्टमध्ये पाषाण किती खोलीवर आहे' हा आहे. मजले आपल्या उजेडाचा आणि वाऱ्याचा प्रश्न आहे, तो खरा आहे आणि मोठा आहे, आमच्या मागच्या खोलीत आता तीन वाजताच दिवा लावावा लागतो, पण भिंतीचा प्रश्न तिथे नाही.

"ही भेग आधीपासूनच होती"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. आणि बऱ्याचदा ते अर्धं खरंही असतं, कारण जुन्या बिल्डिंगीत भेगा असतातच. कुठली आधीची आणि कुठली नंतरची हे तेव्हाच सांगता येतं जेव्हा आधी लिहून ठेवलेलं असतं.

इंग्लंडमध्ये यासाठी १९९६ चा कायदाच आहे. शेजारच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत आणि तिच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, आणि खूप खोल असेल तर सहा मीटरच्या आतही. मग सहसा सर्व्हेअर येऊन शेजाऱ्याच्या घराची खोलीखोलीने स्थिती लिहून ठेवतो. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, पण पद्धत तर आपण उचलू शकतो. खणायच्या आधी बिल्डरने आणि सोसायटीने किंवा भाडेकरू संघाने मिळून एकाच इंजिनियरकडून पाहणी करून घ्यायची, प्रत्येक खोलीचे फोटो, प्रत्येक भेगेची लांबी-रुंदी, दोघांच्या सह्या. बिल्डर तयार नसेल तर आपल्या खर्चाने करा, शेवटी वर्गणी वाटून घेतली की खोलीमागे फार येत नाही.

आणि हे घरच्या घरी करायचं: भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख. भेग रेघेच्या पुढे गेली की नवी रेघ, नवी तारीख. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवायची आणि तिच्यावरही तारीख टाकायची. काच तडकली म्हणजे भिंत हलली, काचेला खोटं बोलता येत नाही. आमच्या जिन्याच्या भिंतीवर अशा चार पट्ट्या आहेत, त्यातली दुसऱ्या मजल्यावरची खणकामाच्या पाचव्या आठवड्यात तडकली. आम्ही फोटो, तारीख आणि विहिरीच्या गाठींची वही घेऊन गेलो. त्याआधी नुसतं तोंडी सांगत होतो तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं, त्या दिवशी मात्र त्यांच्या कन्सल्टंटने येऊन बघितलं, आणि आमच्या बाजूचे दोन पंप बंद करून उपशाची पद्धत बदलली.

सगळ्या भेगा घाबरण्यासारख्या नसतात. केसाएवढ्या, प्लास्टरवरच्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या भेगा बहुतेक प्लास्टरच्याच असतात. एक मिलिमीटरपर्यंतच्या रंगकामात बुजतात, पाचपर्यंतच्या भरून घेता येतात. पाचच्या पुढे गेली, दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघाली, विटांच्या सांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेली, किंवा वर रुंद आणि खाली निमुळती दिसली, तर त्याच दिवशी इंजिनियरला बोलवा. तुळई भिंतीतून थोडी बाहेर सरकलेली दिसली तर त्याखाली झोपू नका, आधी टेकू. दार अडकायला लागलं तर महिना बघा. पावसाळ्यात लाकूड फुगून दारं अडकतातच, मार्चमध्ये अडकलं तर कारण दुसरं आहे.

"त्यांच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत, आपण काय करणार?"

परवानगी म्हणजे स्वतःच्या जागेत बांधायची परवानगी, शेजाऱ्याची भिंत खचवायची नाही. भारतीय सुखाधिकार कायदा १८८२ चा आहे, त्यात शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळणं हा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क मानलाय, आणि आपल्या जमिनीवर इमारतीचं वजन असेल तर वीस वर्षं विनाअडथळा असा आधार मिळत आल्यावर तोही हक्क होतो. गिरगावातल्या चाळी त्या वीस वर्षांच्या कितीतरी पुढे गेल्यात.

साइटच्या बोर्डवर आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंटची, म्हणजे ढाच्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनियरची, नावं असतात, त्यांना थेट पत्र लिहा. महारेराच्या, म्हणजे नव्या प्रोजेक्टांची सरकारी नोंदणी होते तिथल्या, वेबसाइटवर प्रोजेक्टचं नाव टाकलं की मंजूर प्लॅन आणि कामाची परवानगी बघायला मिळते. पत्राची एक प्रत महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याला आणि एक वॉर्ड ऑफिसला, सेस बिल्डिंग असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळालाही. पत्रात भावना कमी आणि तारखा जास्त असू द्या, आणि चारच गोष्टी मागा: सॉइल रिपोर्ट, शोअर पायलिंगचं डिझाइन, आपल्या बिल्डिंगवर लावलेल्या यंत्रांचे आठवड्याचे आकडे, आणि कुठल्या आकड्याला काम थांबवणार ते लेखी. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण आकडे घेतात सगळेच, पण कुठे थांबायचं ते आधी ठरलेलं नसेल तर कुणीच थांबत नाही.

धूळ आणि आवाजाचं थोडक्यात: महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमांप्रमाणे ७० मीटरपेक्षा उंच कामाला ३५ फूट उंच पत्रे लागतात, चालू कामाला चारी बाजूंनी हिरवं कापड, गोणपाट किंवा ताडपत्री लागते. आणि राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल आहे.

"तक्रार केली तर आपलीच बिल्डिंग धोकादायक ठरवतील"

ही भीती मी सगळ्यात जास्त ऐकली, विशेषतः पागडीच्या म्हाताऱ्या माणसांकडून, आणि ती उगीच नाही. ऑडिट झालं आणि बिल्डिंग सी-१ वर्गात गेली तर ती रिकामी करून पाडायची असते. पण दोन गोष्टी सांगते. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगीला स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेच्या कायद्यातल्या कलम ३५३-ब खाली तसंही करावंच लागतं, आपण गप्प बसल्याने ते टळत नाही. आणि एक ऑडिट म्हणजे शेवटचा शब्द नाही, भाडेकरूंना स्वतःचं ऑडिट करून घेता येतं, आणि दोन अहवालांत फरक आला तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते. बिल्डिंग पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही, पाडण्याआधी कुणाची किती जागा याची मोजमापासह यादी व्हायला हवी. त्या यादीची सही-शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. भेग लपवून मात्र कुणाचंही भलं होत नाही, त्या भिंतीखाली आपणच झोपतो.

"म्हणजे टॉवर नकोच का?"

असं मी म्हणत नाही. शेजारच्या पाडलेल्या चाळीतल्या लोकांनी चाळीस वर्षं कॉमन संडास आणि गळकी कौलं काढली, त्यांना त्याच जागी स्वतःचं घर मिळतंय, मला त्याचा आनंदच आहे, त्यातल्या दोन कुटुंबांबरोबर मी लहानाची मोठी झाले. उद्या आमचीही पाळी येईल. पण त्यांचं नवं घर उभं राहताना आमचं जुनं शाबूत राहणं हे अशक्य नाही, इतक्या दाट गिरगावाखालून मेट्रोचे बोगदे गेले तेव्हा जुन्या बिल्डिंगीवर कल आणि भेगा मोजायची यंत्रं लावूनच ते काम झालं. तीच काळजी खाजगी प्लॉटवर घेता येते, खर्च टॉवरच्या मानाने किरकोळ आहे, फक्त कुणीतरी मागितली पाहिजे.

खड्डा भरला, मग संपलं का?

राफ्ट ओतला, म्हणजे तळाचं जाड काँक्रीट, बेसमेंटच्या भिंती आणि स्लॅब वर आले की ते स्लॅबच खड्ड्याच्या कडांना कायमचा टेकू देतात, आणि सगळ्यात नाजूक काळ सरतो. मग पंप टप्प्याटप्प्याने बंद होतात आणि जमिनीत पाणी परत भरतं. पण चक्क्यात पाणी ओतलं म्हणून त्याचं पुन्हा दही होत नाही, तसं बसलेली मऊ जमीन पाणी आल्यावर पूर्ववत वर येत नाही. शिवाय चिकट गाळ हळूहळू निथळतो, त्यामुळे खचणं काम थांबल्यावरही काही महिने चालू राहू शकतं. म्हणून भेगा घाईघाईने बुजवून रंग मारून घेऊ नका, एक-दोन पावसाळे जाऊ द्या, काचेच्या पट्ट्या तशाच राहू द्या. बिल्डर रंगकाम करून देतो म्हणाला तर आधी सगळ्या पेन्सिलच्या रेघांचे फोटो काढून घ्या, मगच ब्रश लागू द्या. दुरुस्तीच्या पैशांचं बोलणं मात्र पुढे ढकलू नका, आकडे हातात असताना लेखी करून घ्या.

शेजारी आता अकरावा स्लॅब पडतोय. शेवटचा पंप नवरात्रात बंद झाला. काकांनी परवा दोरी सोडली तेव्हा बादली सातव्या गाठीला पाण्याला लागली, आणि दुसऱ्या मजल्यावर तडकलेल्या पट्टीशेजारी जी नवी काच लावली होती ती अजून अख्खी आहे. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही दोघं वही घेऊन जिना चढतो, पुढची एक तारीख शनिवारी आहे.